कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी बरोबर दिसत असूनही डॅशबोर्डवरचा कुलंटचा दिवा का लागतो?
हा दिवा तापमानाचा आहे की पातळीचा, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेतून आधी निश्चित करावे, कारण पुढचा सगळा तपास त्यावरच अवलंबून असतो. तापमानाचा लाल दिवा असल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन लगेच बंद करावे. इंजिन गरम असताना कुलंटच्या टाकीचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील कुलंटचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर असू शकते आणि दाब सुटताच ते उसळून अंगावर येते.

दिवा पातळीचा असून तापमानाचा काटा स्थिर असेल, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी, कारण गरम कुलंट प्रसरण पावल्याने ती फसवी दिसते. केवळ वळणावर किंवा ब्रेक लावताना दिवा लागत असल्यास पातळी किमान खुणेच्या आसपास असण्याची शक्यता अधिक. थंड इंजिनातही पातळी योग्य असेल, तर माझा पहिला संशय टाकीतील सेन्सरवर जाईल: त्याचा तरंगणारा भाग गाळाने अडकतो किंवा कनेक्टरवर गंज चढतो.

कुलंट वारंवार कमी होत असेल, तर नुसते भरत राहणे मला धोक्याचे वाटते. होजचे (कुलंट वाहून नेणाऱ्या रबरी नळ्यांचे) सांधे, रेडिएटर, वॉटर पंप तपासून प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधण्याची चाचणी) करून घ्यावी. बाहेर कुठेही गळती नसताना एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले सील) निकामी झाल्याची दाट शक्यता असते; अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये, टो करूनच न्यावी.