मध्य आशियातल्या गवताळ मुलखावरच्या जुन्या तुर्कांच्या, म्हणजे गोकतुर्क साम्राज्यावर कोणत्या घराण्याचं राज्य होतं? ते लांडगीचे वंशज, ही गोष्ट खरी का?

आशिना घराण्याचं, आणि लांडगीची गोष्ट ही त्यांची कुळकथा आहे, इतिहास नव्हे. हे लोक अल्ताई डोंगरात रौरान या भटक्या लोकांच्या खागानासाठी (सम्राटासाठी) लोखंड गाळायचे. त्यांचा प्रमुख बूमिन यानं खागानाची मुलगी मागितली, तर ‘तुम्ही आमचे लोहार गुलाम’ असा निरोप आला. ५५२ मध्ये बूमिननं रौरानांचा पराभव करून त्यांची सत्ताच मोडली. पश्चिमेचा मुलूख त्याचा भाऊ इस्तेमी याच्याकडे गेला. पूर्वेची गादी ६३० मध्ये चीनच्या तांग घराण्यानं बुडवली, ६८२ मध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि ७४५ च्या सुमारास उइगुर या दुसऱ्या तुर्की लोकांनी संपवली.

कुळकथा चिनी राजवंशांच्या इतिहासग्रंथांत आहे. शत्रूनं पाय तोडून दलदलीत टाकलेल्या दहा वर्षांच्या मुलाला एक लांडगी मांस आणून जगवते. पुढे तिला दहा मुलगे होतात, त्यातल्या एकाचं कुळ आशिना. तुर्कांना ही कथा फार जवळची होती, त्यांच्या निशाणावर लांडग्याचं सोनेरी डोकं असे.

एक मात्र लक्षात ठेवा: ‘आशिना’ हे नाव आपल्याला मुख्यतः चिनी ग्रंथांतूनच कळतं. मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यात तुर्क राजपुत्र कुल तेगिन (७३२) आणि त्याचा भाऊ बिल्गे खागान (७३५) यांचे तुर्की शिलालेख आहेत. त्यांत बूमिन आणि इस्तेमी पूर्वज म्हणून येतात, हे कुळनाव येत नाही. त्यामुळे ‘आशिना म्हणजे निळा’ असा जो अर्थ सांगितला जातो, तो अंदाज म्हणूनच घ्यावा.