मोजे काढून बघ

प्रिय पोरी,

परवा फोनवर रडवेली झाली होतीस. जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे पेशंटच्या देखभालीचा कोर्स केला, सर्टिफिकेट मिळालं, तरी लोक घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करून "एक बाई पाठवा" असंच म्हणतात. म्हणणारच. कोथरूडपासून हडपसरपर्यंत बावीस वर्षं मला बाई, मावशी, सिस्टर, तोंडाला येईल ते म्हणत आलेत. रुसण्यात वेळ घालवू नकोस. त्यापेक्षा माझी एक चूक ऐक.

दुसरंच वर्ष होतं. पक्षाघाताचे एक आजोबा. दर दोन तासांनी मी त्यांची कूस बदलायची, पाठ, माकडहाड रोज बघायची. थंडी होती म्हणून पायांत लोकरीचे मोजे घातले आणि चार दिवस काढलेच नाहीत. पाचव्या दिवशी काढले तर टाचेवर काळा चट्टा, पडून राहून दाबानं झालेला. टाचेला मांस असतं कितीसं! जखम भरायला तीन महिने गेले. घरचे एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून रोज स्पंजच्या वेळी डोक्याची मागची बाजू, खांदे, कोपरं, खुबे, माकडहाड, घोटे, टाचा, सगळं बघते. लाल दिसलं की बोटानं दाबून सोडायचं. लाली तशीच राहिली तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हात लावून बघ, जागा गरम किंवा कडक लागते का. आणि तिथं चोळायचं नाही, तेल लावूनसुद्धा नाही. घरातल्या थोरल्या बायका आग्रह करतील, तरी नाही.

दुसरं, वही ठेव. ब्युरो देतो तो हजेरीचा कागद नव्हे, तुझी स्वतःची वही. "आजी बऱ्या आहेत" असं लिहायचं नाही. "सकाळपासून दोन कप पाणी, लघवी थोडी आणि गडद, दुपारी मला ओळखलं नाही" असं लिहायचं. एका आजींची बडबड रात्रीतून सुरू झाली, मुलगा म्हणाला, वय झालं आता. डॉक्टरांनी माझी वही वाचली, लघवी तपासायला लावली, निघालं इन्फेक्शन. म्हाताऱ्या माणसाला ताप न येता नुसता भ्रमही होतो, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या पेशंटला त्याच डॉक्टरांनी ब्युरोकडे माझं नाव घेऊन मागणी केली. पगार वाढला तो तिथून.

इन्सुलिनचा डोस बदलणं, नाकातली नळी बसवणं, हे आपलं काम नाही. "सिस्टर ना तुम्ही?" असं म्हणून गळ घालतील. नाही म्हण. ते काम करायचंच असेल तर रीतसर शीक. नर्सिंगचे कोर्स आहेत, एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि जीएनएमला बारावी आर्ट्सही चालते. तिशीत मला हे कुणी सांगितलं नाही.

स्वयंपाकाचं पहिल्याच दिवशी बोलून घे. पेशंटची पेज, पेशंटची भांडी माझी. घरभर पोळ्या माझ्या नाहीत. गोड बोल, पण कमिशन, ड्युटीचे तास, आठवड्याची सुट्टी हे कागदावर असू दे. आणि जपानला पाठवतो, भाषा येत नसली तरी चालेल, असं कुणी सांगितलं तर फोन ठेव. तिथं या कामाच्या व्हिसाला जपानी भाषेची परीक्षा द्यावीच लागते.

पहिल्या पगारातून सेकंदकाट्याचं घड्याळ घे. झोपलेल्या माणसाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे असतात, आणि मोबाइल हातात दिसला की घरच्यांना वाटतं तू रील बघतेयस.

तुझी,
ताई