सिक्युरिटीचा अनुभव नसताना वायरशार्क, एनमॅपसारख्या टूलमध्ये योगदान देता येईल का?

तुम्हाला सी आणि पायथन बऱ्यापैकी येतं, सिक्युरिटीत काम केलेलं नाही, आणि सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. (वायरशार्क नेटवर्कवरून जाणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, पकडून उलगडून दाखवतं, एनमॅप मशीनवर कोणत्या सर्व्हिस चालू आहेत ते स्कॅन करतो.) योगदान देता येईल की! माझा पहिला पॅच मर्ज झाला तेव्हा मला टीसीपी हँडशेकसुद्धा (दोन मशीनमधलं कनेक्शन सुरू होण्याची पद्धत) धड समजावून सांगता आला नसता.

ती एका पॅकेट वाचणाऱ्या टूलमधली दोन ओळींची दुरुस्ती होती. बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला त्याची लांबी लिहिलेली असते. कोड ती वाचतो आणि तेवढे बाइट पुढे सरकतो. तिथे शून्य आलं तर? कोड जागचा हलत नाही, लूप संपत नाही, टूल गोठतं. साधा प्रोग्रामर म्हणेल, शून्य कोण कशाला पाठवेल? पण ही टूल्स वाचतात तो डेटा शत्रूनेही पाठवलेला असू शकतो. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की निम्मं सिक्युरिटी आलं, असं माझं मत.

दुरुस्तीपेक्षा मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, जास्त आवडली ती सोबतची छोटी पीकॅप फाइल (पकडलेली पॅकेट साठवलेली फाइल), कारण बग त्याला लगेच स्वतः बघता आला. मात्र ऑफिसच्या नेटवर्कवरचं कॅप्चर कधीही जोडू नका, त्यात पासवर्ड आणि कुकी असू शकतात. त्याऐवजी स्केपी या पायथन लायब्ररीने हवं ते पॅकेट बनवता येतं. आणि दूरवरून टूल बंद पाडता येईल असा बग सापडला, तर तो उघड इश्यूत टाकू नका. प्रकल्पाच्या सिक्युरिटी पॉलिसीत दिलेल्या खाजगी मार्गाने कळवा. (हे मला नंतर कळलं.)

सीची धास्ती वाटत असेल तर एनमॅप बघा. त्याच्या स्क्रिप्ट लुआ या सोप्या भाषेत असतात. शिवाय '-sV' हा सर्व्हिस ओळखण्याचा ऑप्शन देऊन स्कॅन करताना एखादी सर्व्हिस ओळखता आली नाही, तर एनमॅप तिचा फिंगरप्रिंट (तिच्या उत्तरांचा नमुना) छापून तो पाठवायला सांगतो. तेही योगदानच, एक ओळही कोड न लिहिता. स्कॅन फक्त स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या मशीनवर.

नवीन फीचरचं म्हणाल तर आधी विचारा. मी एकदा तीन आठवडे खपून एक फिल्टर लिहिला आणि थेट मर्ज रिक्वेस्ट टाकली. उत्तर एका ओळीचं होतं: हे आधीपासून आहे, अमुक ऑप्शन बघा.