'ओरिजिनल कास्ट रेकॉर्डिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरच्या, एका नव्या म्युझिकलचं 'ओरिजिनल ब्रॉडवे कास्ट रेकॉर्डिंग' (तिथल्या पहिल्या नटसंचाने गायलेल्या गाण्यांचा अल्बम) ऐकून त्यावर मराठीत लिहायचं आहे. 'मूळ कलाकारांचे ध्वनिमुद्रण' म्हटलं तर चालेल, की सरळ 'साउंडट्रॅक' म्हणावं?

'साउंडट्रॅक' नको. तो सिनेमाचा शब्द आहे. फिल्मवर चित्रांच्या कडेने आवाजाची जी पट्टी असे, तिचं ते नाव. नाटकाला अशी पट्टी नसते. शिवाय एकाच कृतीचं नाटकही असेल आणि सिनेमाही, तर हा शब्द वापरून भलताच आवाज वाचकाच्या माथी मारला जातो. 'माय फेअर लेडी'च्या १९५६ सालच्या नाटकाच्या अल्बममध्ये ज्यूली अँड्र्यूज गाते. १९६४ च्या सिनेमाच्या साउंडट्रॅकवर ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना आवाज मार्नी निक्सनचा आहे. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत.

'कास्ट'साठी 'कलाकार' ढिला पडतो, कारण वादकही कलाकारच. आपल्या नाट्यव्यवसायात यासाठी पक्का शब्द आहे: संच. 'मूळ संचात', 'नव्या संचात' हे शब्द नाटकाच्या जाहिरातींत आपण कायम वाचतो. म्हणून 'मूळ संच', आणि वाचक नाटकाचा नसेल तर 'मूळ नटसंच'.

पण 'मूळ'मध्ये एक अडचण आहे. इंग्रजीत प्रत्येक निर्मितीचा पहिला संच 'ओरिजिनल' असतो. मराठीत मूळ एकच असतं. 'ले मिझेराब्ल' आधी १९८० साली पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये झालं, १९८५ साली लंडनला इंग्रजीत आलं आणि १९८७ साली ब्रॉडवेवर. लंडन आणि ब्रॉडवे, दोन्ही अल्बमांवर 'ओरिजिनल' लिहिलेलं आहे. नायक जाँ व्हालजाँच्या भूमिकेत दोन्हींकडे कॉल्म विल्किन्सनच, पण फाँतीनच्या भूमिकेत लंडनला पॅटी लुपोन आणि ब्रॉडवेवर रँडी ग्राफ. इथे 'मूळ संच' म्हटलं की वाचक विचारणार, कोणता? अशा वेळी गाव आधी घालून 'लंडनचा पहिला संच', 'ब्रॉडवेचा पहिला संच' म्हणावं. 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'च्या १९७० सालच्या अल्बमला तर यातलं काहीच लागू नाही, कारण अल्बम आधी निघाला आणि नाटक १९७१ साली ब्रॉडवेवर आलं. अल्बमवरचा जीझस इयन गिलन रंगमंचावरच्या संचात नव्हताच.

आता 'रेकॉर्डिंग'. ध्वनिमुद्रण ही क्रिया, ध्वनिमुद्रिका ही हातात येणारी वस्तू. 'काल ध्वनिमुद्रण ऐकलं' यात चूक नाही, पण 'काल नाटकाचं रेकॉर्डिंग ऐकलं' म्हटलं की मराठी कानाला चालू प्रयोगात, खोकले-टाळ्यांसकट टिपलेलं नाटक आठवतं. कास्ट रेकॉर्डिंग तसं क्वचितच असतं. ते स्टुडिओत होतं, बहुधा प्रयोग नसलेल्या दिवशी. युनियनच्या नियमांनी ब्रॉडवेच्या नटाला मुद्रणाच्या एका दिवसासाठी आठवड्याचा पगार द्यावा लागतो, त्यामुळे काम शक्यतो एक-दोन दिवसांत आवरतात. टाळ्या नसतात, बहुतेक संवादही गाळलेले असतात. म्हणून 'प्रयोगाचं ध्वनिमुद्रण' हा पर्याय बादच करावा. 'ध्वनिफीत'ही नको, फीत म्हणजे टेप. 'अल्बम' मात्र बिनधास्त वापरावा.

'अल्बम' हा शब्दच मुळात गठ्ठ्याचा आहे. 'ओक्लाहोमा!' या म्युझिकलची पदं डेक्का कंपनीने १९४३ साली बाजारात आणली, तेव्हा त्या दहा इंची सहा तबकड्या होत्या, फोटोंच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्यात घातलेल्या. बारा बाजू, एका बाजूवर सुमारे तीन मिनिटं. आपल्या नाट्यपदांचीही हीच गत होती. वन्समोअर घेत रंगमंचावर लांबलेलं पद तबकडीसाठी तीन-साडेतीन मिनिटांत आवरावं लागे. फरक एवढाच की आपल्याकडे तबकडीवर बहुधा सुटी पदं येत, तिथे नाटकाच्या पदांचा गठ्ठा आला. आज मर्यादा तबकडीची राहिलेली नाही. 'हॅमिल्टन'च्या २०१५ सालच्या अल्बममध्ये ४६ गाणी आहेत, सुमारे २ तास २२ मिनिटांची. तरीही पहिल्या अंकातला, हॅमिल्टनचा मित्र लॉरेन्स याच्या मृत्यूची बातमी येते तो छोटा प्रसंग त्यात मुद्दाम ठेवलेला नाही. एवढं ऐकूनही 'मी हॅमिल्टन पाहिलं' म्हणू नये, 'ऐकलं' म्हणावं.

श्रेयनामावलीतला 'बुक' हा शब्द हमखास चुकतो. त्याचं 'पुस्तक' करू नका. गाण्यांखेरीजचे संवाद आणि कथेची बांधणी म्हणजे 'बुक'. 'संहिता' लिहून 'गीतं' वेगळी नोंदवली की काम होतं. 'ओव्हर्चर'ला नांदी म्हणण्याचा मोह होतो, तोही टाळावा. नांदी गायची असते आणि ती मंगलाचरण असते. ओव्हर्चर नुसतं वाद्यांचं, पुढच्या चालींची ओळख करून देणारं. 'सुरुवातीचं वादन' पुरे. 'रिप्राइज' म्हणजे आधीचं पद नव्या प्रसंगी, अनेकदा बदललेल्या शब्दांनिशी पुन्हा येणं. 'पुनरावृत्ती'त तो बदल हरवतो. 'पदाची दुसरी फेरी' मला जास्त बरं वाटतं.

आणि 'म्युझिकल'? संवाद आणि पदं दोन्ही असतील तर 'संगीत नाटक' नि:शंक लिहा. 'संगीत'मधलं 'गीत' हे 'गै' धातूचं कर्मणि भूतकालवाचक विशेषण, म्हणजे 'गायलेलं'. 'संगीत शाकुंतल' (१८८०) किंवा 'संगीत सौभद्र' (१८८२) या नावांत 'संगीत' हे नाटकाचं विशेषण आहे, आणि ते ब्रॉडवेच्या नाटकालाही तितकंच शोभतं. 'ले मिझेराब्ल'सारखं जवळजवळ सगळं गायलं जात असेल तर 'संगीतिका'.

लिंग सांभाळा: ध्वनिमुद्रिका ती, अल्बम तो, रेकॉर्डिंग ते. क्रियापद जुनंच ठेवा. रेकॉर्ड 'लावत' होतो, तसा मोबाइलवरही अल्बम 'लावतो'. तर पहिलं वाक्य असं होईल: 'या संगीत नाटकाच्या ब्रॉडवेच्या पहिल्या संचाची ध्वनिमुद्रिका काल लावली आणि दुसऱ्या अंकाआधीच्या वादनापर्यंत सलग ऐकली.'