साठ विमानांचा हिशेब

प्रिय विद्यार्थिमित्र,

स. न. वि. वि.

फिनलंडच्या पहिल्या जेट लढाऊ विमानांवरचा तुझा मसुदा मी काळजीपूर्वक वाचला. वेगाचे आणि उंचीचे तक्ते नेटके आहेत. परंतु त्या देशाने नेमकी हीच विमाने का घेतली, हा प्रश्न त्यात कुठेही उभा राहत नाही. सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, 1947 च्या पॅरिस शांतता तहापासून कर. त्या तहाने फिनलंडच्या हवाई दलाला राखीव धरून 60 विमाने आणि 3,000 माणसे एवढीच मुभा दिली होती. संख्या वाढवण्याची सोयच नसल्यामुळे प्रत्येक जागी कोणते विमान बसवायचे याचा हिशेब किती काटेकोर होत असेल, हे वाचकाला जाणवले पाहिजे.

1953 मध्ये 6 व्हॅम्पायर ही ब्रिटिश जेट विमाने आली, तेव्हा महायुद्धातली जर्मन मेसरश्मिट 109 विमाने अजून सेवेत होती. (व्हॅम्पायरच्या वैमानिक-कक्षाचा सांगाडा प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा होता, जेटयुगाची सुरुवात सुतारकामाने व्हावी, याची मला नेहमीच गंमत वाटते.) दोन आसनी प्रशिक्षण व्हॅम्पायर मात्र 1955 मध्ये आली, म्हणजे आधी एकट्याने उडायचे आणि शिकवणीचे विमान मागाहून, असा तो उलटा क्रम होता. यावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस.

नॅट या छोट्या ब्रिटिश जेट लढाऊ विमानाच्या भागात 31 जुलै 1958 रोजी मेजर लाउरी पेकुरी यांनी ध्वनीचा वेग ओलांडल्याचे वर्णन तू रंगवून केले आहेस, आणि पुढच्याच महिन्यात हायड्रॉलिक यंत्रणेतील बिघाडामुळे एक विमान नष्ट होऊन नॅटची उड्डाणे सुमारे सहा महिने थांबली, हे एका वाक्यात उरकले आहेस. मी या दोन्हींचे माप उलट ठेवले असते. ब्रिटनच्या हवाई दलाने नॅट प्रशिक्षणासाठी स्वीकारले, लढाऊ म्हणून नव्हे. त्यामुळे या लढाऊ विमानाच्या बालपणीच्या खोडी काढण्याचे काम परदेशी ग्राहकांच्या वाट्याला आले. भारताने ते बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये बांधायला घेतले, त्यामुळे दुरुस्तीचे ज्ञान घरातच साठत गेले; फिनलंडने अवघी 13 विकत घेतली होती. तुलना एवढ्यावरच थांबव, 1965 च्या युद्धाकडे वळू नकोस.

फिनलंडकडे 1963 मध्ये आलेल्या सोव्हिएत मिग-21 विमानांसाठी वेगळा लेख लागेल, तो भाग सध्या काढून टाक. सुधारलेला मसुदा पाठव.

कळावे, लोभ असावा.