बर्डीवरून चाललेला पाऊस

एका ताईंनी विचारलंय: दहावीतल्या मुलीनं इंग्रजी निबंधात ‘वॉकिंग थ्रू बर्डी, द रेन कॉट मी’ असं लिहिलं (बर्डी म्हणजे आपल्या नागपुरातली सीताबर्डी). बाईंनी खाली लाल रेघ ओढली आणि शेजारी ‘डँगलिंग पार्टिसिपल’ एवढंच लिहून वही परत दिली. यात चुकलं काय, आणि हे पार्टिसिपल म्हणजे नेमकं काय?

ताई, मुलीचं मराठी पक्कं आहे, म्हणूनच तिचं इंग्रजी घसरलं. तिच्या मनात वाक्य आलं असणार, ‘बर्डीवरून जाताना पावसानं गाठलं.’ कोण जात होतं ते सांगितलेलंच नाही, तरी कोणाचा गोंधळ होत नाही. आपला ‘-ताना’ मोठा सोशिक आहे. ‘मी जेवताना लाइट गेले’, ‘बाबा आंघोळ करताना पाहुणे आले’. क्रिया दोन, कर्ते दोन, तरी भांडण नाही.

वाक्याच्या सुरुवातीला आलेल्या इंग्रजी ‘वॉकिंग’ला ही मुभा नाही. त्याला स्वतःचा कर्ता नसतो. स्वल्पविरामानंतर मुख्य क्रियापदाचा जो कर्ता येईल, त्याच्याच गळ्यात ते पडतं. इथे आला ‘द रेन’. म्हणजे पाऊसच पिशवी घेऊन बर्डीवरून चालला होता!

हा नियम आपल्या कानाला तसा परका नाही. ‘बर्डीवर जाऊन पाऊस आला’ असं म्हणून बघा, लगेच खटकतं. ‘-ऊन’ला कर्ता सहसा मुख्य क्रियापदाचाच लागतो. (‘काका जाऊन दोन वर्षं झाली’ अशी अपवादाची वाक्यं आहेत, पण थोडी.) तेव्हा मुलीला एवढंच सांगा, की इंग्रजीतलं असं ‘-इंग’ दिसतं ‘-ताना’सारखं, पण कर्त्याच्या बाबतीत वागतं ‘-ऊन’सारखं. वाक्य सुधारायचं तर ‘वॉकिंग थ्रू बर्डी, आय गॉट कॉट इन द रेन’, किंवा सरळ ‘ॲज आय वॉज वॉकिंग थ्रू बर्डी, द रेन कॉट मी’.

आता नाव. डँगलिंग म्हणजे लोंबकळणारं, खरा कर्ता न सापडलेलं. पार्टिसिपल हा शब्द लॅटिनमधून आला, मूळ अर्थ वाटेकरी. थोडं क्रियापदाचं काम, थोडं विशेषणाचं. आपल्याकडे याला धातुसाधित किंवा कृदन्त म्हणतात. त्याच्यासोबत कर्म, स्थळ, काळ असा लवाजमा आला की झाला पार्टिसिपियल फ्रेज. आपण तो लवाजमा नामाच्या आधी लावतो, ‘झाडाखाली झोपलेला कुत्रा’; इंग्रजी तो मागे ठेवते, ‘द डॉग स्लीपिंग अंडर द ट्री’. एकटाच शब्द असेल तर मात्र पुढे, ‘अ स्लीपिंग डॉग’.

नागपूरकरांनी आणखी एका ठिकाणी जपायला हवं. ‘-ऊन म्हणजे हॅविंग’ अशी युक्ती शिकवतात. ‘जेवून तो गेला’ला ती बरोबर लागू पडते, ‘हॅविंग ईटन, ही लेफ्ट’. पण आपला पोट्टा जेव्हा ‘जेवून राहिला’ असतो, तेव्हा तो अजून ताटावरच असतो! पुण्याच्या पाहुण्याला वाटेल, जेवला आणि मुक्कामाला राहिला. आपल्या या ‘राहिला’मागे हिंदीचं ‘खा रहा है’ उभं आहे, म्हणून इंग्रजी होतं ‘ही इज ईटिंग’. युक्ती तिथे आपटते.

‘-लेला’ तर त्याहून फसवा. ‘वाचलेलं पुस्तक’ म्हणजे कोणीतरी वाचलं ते, आणि ‘जेवलेला पाहुणा’ म्हणजे ज्यानं स्वतः जेवण केलं तो. मराठीला दोन्ही चालतं. इंग्रजीत सकर्मक क्रियापदाचं पास्ट पार्टिसिपल नामाआधी आलं की त्या नामावर क्रिया झालेली असते. ‘ईटन गेस्ट’ म्हटलंत, तर तो पाहुणा ताडोबाहून परत आलेला नाही. ‘आय ॲम बोरिंग’ची गतही तीच. मुलगी कंटाळलेली, म्हणजे ‘बोअर्ड’ असते, सांगते मात्र की मी कंटाळवाणी आहे.

आणि प्रत्येक ‘-इंग’ पार्टिसिपल नसतं. मुलीला विचारा, नागपूर स्टेशनवरची वेटिंग रूम कोणाची वाट बघते? कोणाचीच नाही. ती वाट बघण्यासाठीची खोली, तिथलं ‘वेटिंग’ हे नाम, म्हणजे जेरंड. बाहेर फलाटावरचे ‘वेटिंग पॅसेंजर्स’ मात्र खरोखरच वाट बघून राहिलेत.