थोड्या दिवसांचा सायकोसिस पुढे स्किझोफ्रेनिया होतो का?

तुम्ही भावाबद्दल विचारलंत: तो २३ वर्षांचा, बारा दिवस भास आणि संशय (यालाच सायकोसिस म्हणतात), औषधांनी पूर्ण बरा. पुढे स्किझोफ्रेनिया होईल का, हे सांगणारी रक्ततपासणी नाही आणि एमआरआयही नाही. स्कॅन काढतात तो मेंदूज्वर, गाठ अशी दुसरी कारणं वगळायला. तरीही अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती घरच्यांकडेच असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवात किती झपाट्याने झाली. नीट कामावर जाणारा मुलगा दोन दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत बिघडला असेल तर ते आशादायक आहे. पण आधीचं वर्षभर मित्र तुटत गेले, मार्क घसरले, आंघोळ टाळणं, दार लावून बसणं सुरू होतं, तर हे बारा दिवस आधीपासून चाललेल्या आजाराचा फक्त उघड झालेला भाग असू शकतात. घरचे हे सांगतच नाहीत, कारण त्याला 'अभ्यासाचं टेन्शन' म्हणून मोकळे झालेले असतात. गेल्या दोन वर्षांचं महिनावार लिहून काढा आणि डॉक्टरांना द्या.

मग बघायचं, भास गेल्यावर काय उरलं. चेहरा कोरा, बोलणं तुटक, कशातच पुढाकार नाही, असं आठवडेच्या आठवडे राहिलं तर काळजी वाढते. मात्र हेच चित्र औषधाने आलेल्या ताठरपणामुळे किंवा नैराश्यामुळेही दिसतं, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नका. हात-पाय जड वाटतात का, हे त्यालाच विचारा.

घरच्यांना धडकी भरते ती क्षणात रडणं, क्षणात हसणं, रोज नवा भ्रम या गोंधळाची. पण एकाएकी येणारं असं बदलतं रूप बऱ्याचदा पूर्ण ओसरतं. चंदीगडच्या एका छोट्या गटाचा १२ वर्षांनी पाठपुरावा केला, तेव्हा अशा अल्पकालीन सायकोसिसवाल्यांपैकी ६ टक्क्यांत आजाराची चिन्हं उरली होती. इतर सायकोसिसच्या रुग्णांत ५० टक्क्यांत.

दुसरीकडे, २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा अल्पकालीन सायकोसिसचं निदान साधारण ५६ टक्के रुग्णांतच पुढेही टिकलं. ज्यांचं बदललं त्यांतले बरेच स्किझोफ्रेनियाच्या गटात गेले, काही बायपोलरकडे (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार). तीन वर्षांत साधारण निम्म्यांना पुन्हा झटका येतो. म्हणजे स्किझोफ्रेनिया झाला नाही तरी आजार उलटू शकतो.

गांजा ओढत असेल तर स्पष्ट सांगा. 'गांज्याने झालं, म्हणजे खरा आजार नाही' ही समजूत घातक आहे. फिनलंडमधल्या रुग्णालयीन नोंदींत गांजाजन्य सायकोसिसनंतर ८ वर्षांत ४६ टक्के रुग्णांचं निदान स्किझोफ्रेनियाच्या गटात गेलं. दारूजन्य सायकोसिसनंतर ५ टक्के.

स्किझोफ्रेनियाचं निदान डीएसएमप्रमाणे (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) सहा महिन्यांच्या चिन्हांवर होतं, त्यामुळे आज छातीठोक 'हो' किंवा 'नाही' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. तो बरा दिसतोय म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. डोस उतरवायचा तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. सलग दोन-तीन रात्री झोप उडाली, पुन्हा संशय डोकावू लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता दाखवा. रात्री कोणी भेटत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर बोला. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा असेल तर मात्र थेट रुग्णालय.